गोदाम निवडताना मी आधी परत आलेला माल बघते

कुडाळला आमचं कोकणी खाद्यपदार्थांचं ऑनलाइन दुकान आहे. कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी असा माल. मी, माझी जाऊ आणि वाडीतल्या काही बायका मिळून हे चालवतो. बरीच वर्षं ऑर्डर आली की पडवीत बसून खोकी बांधायची आणि संध्याकाळी कुरिअरच्या मुलाच्या हाती द्यायची, असंच चाललं होतं. आता आमच्या बहुतेक ऑर्डरी भिवंडीतल्या एका गोदामातून जातात. गोदाम दुसऱ्याचं, माणसं त्यांची, माल आमचा. आपण घाऊक माल तिथे नेऊन ठेवायचा. वेबसाइटवर ऑर्डर पडली की ती त्यांच्या संगणकावर दिसते आणि तेच माल काढून, बांधून कुरिअरला देतात. या धंद्यातले लोक त्याला थ्रीपीएल म्हणतात.

माझ्या ओळखीत घरगुती धंदा करणाऱ्या खूप जणी आहेत. त्या सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "दर काय लावतात?" दर महत्त्वाचा आहेच, पण माझ्या यादीत तो बराच खाली येतो. का, ते सविस्तर लिहिते.

गोदाम कुठे हवं हे ठरवायला आपल्याच जुन्या ऑर्डरींची यादी काढावी. मी वर्षभराच्या ऑर्डरी एक्सेलमध्ये घेतल्या आणि पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर लावल्या. ४०० म्हणजे मुंबई-ठाणे, ४२१ म्हणजे डोंबिवली-कल्याण-भिवंडी, ४११ पुणे, ४०३ गोवा, ५६० बेंगळुरू, ११० दिल्ली. अर्ध्या तासात धंद्याचा नकाशा समोर आला. आमचं गिऱ्हाईक बव्हंशी ४००, ४२१ आणि ४११ मध्ये राहतं. गिरगाव-दादरहून डोंबिवलीला गेलेली कोकणी माणसं, दुसरं काय! जाता जाता एक सांगते. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते डाक खात्यातले वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. एक मराठी माणूस कविताही लिहितो आणि देशभरातल्या पत्त्यांना क्रमही लावून देतो, याचा मला फार अभिमान वाटतो. आज सगळं ऑनलाइन दुकान त्या सहा आकड्यांवर चालतं.

यादी पाहिल्यावर प्रश्न भिवंडी की पुणे एवढाच उरला. पुण्याकडे वाघोली, लोणीकंद, चाकण या बाजूला गोदामं आहेत. भिवंडीची गोष्ट जुनी आहे. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल ठेवणं व्यापाऱ्यांना सोयीचं पडायचं, शिवाय नाशिक महामार्ग आणि न्हावाशेवा बंदर हाताशी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामं तिथेच राहिली, उलट वाढली. ॲमेझॉननेही २०१३ साली भारतातलं आपलं पहिलं गोदाम भिवंडीतच उघडलं होतं. यंत्रमागांच्या या गावाभोवती मानकोली, काल्हेर, पडघा असं जिकडे जाल तिकडे आता पत्र्याच्या मोठमोठ्या शेड दिसतात. कुरिअरच्या गाड्या त्या सगळ्या भागातून दिवसभर फिरत असतात, आणि दिल्ली-बेंगळुरूच्या पार्सलना काही कुरिअर तिथून महानगराचा, म्हणजे मोठ्या शहरांमधला कमी, दर लावतात. कुडाळहून तो मिळत नाही. मुंबईच्या पार्सलमागे वाचतात ते पैसे थोडेच, वाचतात ते दिवस. कुडाळची खोकी आधी कुरिअरच्या मोठ्या केंद्रावर पोचणार, मग पुढे. भिवंडीची त्याच रात्री केंद्रावर असतात.

आता दर. प्रत्येकाचं दरपत्रक दिसायला एकसारखंच असतं. माल उतरवून मोजून घेण्याचे इतके, जागेचे इतके, ऑर्डर काढून बांधण्याचे इतके, खोक्याचे इतके. दोन ठिकाणी थांबून वाचावं. एक म्हणजे महिन्याचं किमान बिल. समजा ऑर्डरमागे २५ रुपये सांगितले, पण किमान बिल २०,००० आहे आणि पावसाळ्यात तुमच्या ऑर्डरी ३०० वर आल्या, तर तो दर २५ राहत नाही, ६६-६७ होतो. आगळाची मागणी उन्हाळ्यात, फराळाच्या पिठांची दिवाळीला. आमच्यासारख्या हंगामी धंद्याला सगळ्यात जास्त टोचतं ते हे कलम. दुसरं म्हणजे वाराई. टेम्पोतून माल उतरवायचे पैसे दरपत्रकात धरलेत की दारात वेगळे मागणार, हे लेखी घ्यावं. माथाडींचे दर ठरलेले असतात, त्यात वावगं काही नाही, फक्त ते आपल्याला आधी ठाऊक हवेत.

खोक्यांबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच हवं. कुरिअर नुसतं वजन बघत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात आणि सहसा ५००० ने भागतात. ते उत्तर किलोत धरायचं. ते आणि खरं वजन यांत जे जास्त, त्याचं बिल. आमचे फणसाचे पापड घ्या. माल ६०० ग्रॅम. पण खोकं ३० बाय ३० बाय १२ असेल तर १०,८०० भागिले ५००० म्हणजे २.१६ किलो, आणि अर्ध्या किलोचे टप्पे असल्याने बिल अडीच किलोचं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "तुमच्याकडे खोक्यांची मापं किती?" एका ठिकाणी लहान, मध्यम, मोठं अशी तीनच मापं होती. तिथे आमच्या पापडांनी जन्मभर हवेचं भाडं भरलं असतं. दुसरीकडे म्हणाले, तुमच्या मालाच्या मापाची खोकी तुम्ही छापून आणा, आम्ही वापरू. हे उत्तर मला पटलं. वजनावरून कुरिअरशी वाद होतातच. त्यासाठी बांधलेलं खोकं काट्यावर ठेवून फोटो काढतात का, हेही विचारून ठेवावं. फोटो असला की वाद मिटतो, नसला की पैसे जातात.

तर मी आधी काय बघते? परत आलेला माल कुठे ठेवलाय ते.

ऑनलाइन धंद्यात पार्सलं परत येतात. गिऱ्हाईक घरी नसतं, फोन उचलत नाही, कॅश ऑन डिलिव्हरी मागवून मग नको म्हणतं. ती सगळी खोकी फिरून गोदामात येतात. जाणाऱ्या मालावर लक्ष ठेवायला गिऱ्हाईक बसलेलं असतं. चुकलं की तास दोन तासांत फोन येतो, म्हणून जाणारा माल सगळेच नीट बांधतात, निदान बांधल्यासारखा दाखवतात. परत येणाऱ्या मालाची वाट कुणीच बघत नसतं. तिथे गोदामाची खरी शिस्त कळते.

एका चकाचक गोदामात मला स्वागतकक्षात बसवून पडद्यावर सगळं दाखवलं. मी परतीचा विभाग बघायचा म्हटल्यावर तिथले लोक जरा थांबले आणि मग मला जिन्याखाली नेलं. तिथे वेगवेगळ्या दुकानांची खोकी एकावर एक टाकलेली, काहींवरचे कागद फाटलेले, कोणतं कधी आलं याची नोंद नाही. आणखी एका ठिकाणी पार्सल परत आलं की उघडून माल सरळ रॅकवर ठेवत होते. कपड्यांना ते चालेल कदाचित. खाण्याच्या मालाला कसं चालेल? ते पाकीट कुठल्या गाडीत, कुठल्या उन्हात, कशाशेजारी पडलं होतं कुणास ठाऊक! तेच पुढच्या माणसाला पाठवायचं, हे माझ्याने होणार नाही. आमच्या भाजणीवर आमच्या वाडीचं नाव आहे.

शेवटी जे निवडलं तिथे परतीसाठी वेगळं टेबल होतं आणि वर कॅमेरा. प्रत्येक खोकं कॅमेऱ्याखाली उघडायचं, सील, बॅच नंबर आणि तारीख वाचायची, फोटो काढायचा. चांगला, शंकास्पद आणि टाकाऊ असे तीन भाग. शंकास्पद माल लाल क्रेटमध्ये राहतो आणि मालकाचा निरोप आल्याशिवाय हलत नाही. मी विचारलं, "मी सांगितलं की परत आलेला खाण्याचा माल एकही विकायचा नाही, तर?" सुपरवायझर म्हणाले, "ताई, मग सिस्टिममध्ये तसाच नियम लावतो, पोरांना निवडायची वेळच येणार नाही." मनातून मी तिथेच होकार दिला होता. बाकीच्या गोष्टी मग तपासायच्या म्हणून तपासल्या, पण कसून तपासल्या.

गोदाम बघायला जायचं तर दुपारी चारनंतर जावं. सकाळी सगळीकडे झाडलोट झालेली असते. चारनंतर कुरिअरच्या गाड्या लागतात, बांधणाऱ्यांची घाई उडते आणि तेव्हा बाटली कोण कशी हाताळतं ते दिसतं. मी कुठल्याही एका रॅककडे बोट दाखवून विचारायची, "संगणकावर इथे किती नग आहेत?" आणि मग समोर मोजायला लावायची. परका माल मोजून दाखवायला काहींनी नकार दिला. गोपनीयता म्हणून ते योग्यच होतं. पण त्यांनीच मग आपले मोजणीचे कागद दाखवले, किती दिवसांनी मोजतात, फरक आला तर काय करतात. जिथे असा कागदच नव्हता, तिथून मी चहा पिऊन निघाले.

खाण्याच्या मालाची आणखी काही पथ्यं आहेत. पहिलं नाकाने तपासायचं. पुण्याकडचं एक गोदाम मला जवळपास सगळ्या बाबतीत आवडलं होतं, पण शेजारच्या रॅकवर अगरबत्त्या होत्या. मेतकूट आणि पिठं वास चटकन धरतात. भिंत मध्ये असती तर चाललं असतं, भिंत नव्हती. दुसरं, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना. खाण्याचा माल जिथे साठवतात त्या जागेलाही परवाना लागतो. आपल्या स्वयंपाकघराचा परवाना गोदामाला चालत नाही. १४ आकडी नंबर मागून घ्यावा आणि फॉसकॉस या त्यांच्या परवान्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा, त्यात साठवणुकीचा उल्लेख आणि तोच पत्ता आहे का ते बघावं.

तिसरं, तारखा. गोदामात साधारण जो माल आधी आला तो आधी काढायची पद्धत असते. आमच्या मालाला ती पुरत नाही, ज्याची मुदत आधी संपते तो आधी निघायला हवा. आम्ही कधी कधी नव्या बॅचचा मसाला आधी पाठवतो आणि मागे राहिलेली जुनी पाकिटं नंतर. संगणकात बॅच आणि मुदत नोंदवायची सोय नसेल तर कामगार समोरचं पाकीट उचलणार, त्याचा काय दोष? शिवाय ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याच्या आयुष्याचा ३० टक्के भाग किंवा निदान ४५ दिवस शिल्लक हवेत, असं एफएसएसएआयचं सांगणं आहे. त्यामुळे मुदत जवळ आलेला माल संगणकाने आपोआप अडवला पाहिजे, कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडता कामा नये.

आगळाचं वेगळंच. ते आंबट, खारट, गळलं तर खोकं तर जातंच, शेजारचा मालही जातो, आणि डाग निघत नाही. धातूचं झाकण त्याने गंजतं, म्हणून आम्ही प्लास्टिकचं झाकण आणि आत सील वापरतो. भिवंडीच्या त्या गोदामात नमुन्याची बाटली हातात घेऊन बांधणाऱ्या मुलीने मला आपणहून विचारलं, "मॅडम, ही आडवी चालंल का, का उभीच पायजे?" मी नाही विचारलं, तिने विचारलं. इतर कुठेही हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

पावसाचंही बघा. भिवंडीत कामवारी नदी आणि खाडीच्या बाजूच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी भरतं. गोदामाचं जोतं ट्रकच्या फाळक्याइतकं उंच आहे का, खालचा रॅक जमिनीपासून किती वर, मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठवर आलं, हे मी गोदामवाल्यांबरोबर समोरच्या चहावाल्यालाही विचारलं. दोघांची उत्तरं जुळली.

कागदपत्रांत जीएसटीचं काम त्या मानाने सोपं निघालं. गोदाम महाराष्ट्रातच असल्याने आमचाच नंबर चालला, फक्त त्यात धंद्याची अतिरिक्त जागा म्हणून भिवंडीचा पत्ता जोडावा लागला. त्यासाठी गोदामवाल्यांचं संमतिपत्र, करार आणि वीजबिलाची प्रत लागली. मग कुडाळहून माल डिलिव्हरी चलनावर जातो, किंमत मर्यादेच्या वर गेली तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या संकेतस्थळावर काढायचा कागद.

करार मात्र माझ्या मामेभावाने, तो वकील आहे, ओळ न ओळ वाचला. त्याने लाल पेनाने दोन कलमांभोवती गोल केला. एकात लिहिलं होतं की बिल थकलं तर सगळा माल अडवून ठेवायचा हक्क गोदामाला राहील. तो म्हणाला, भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७१ प्रमाणे कुठल्याही थकबाकीपोटी माल अडवायचा असा सरसकट हक्क बँका आणि आणखी काही ठरावीक व्यवसायांनाच आपोआप मिळतो, बाकीच्यांना करारात लिहून घ्यावा लागतो. म्हणजे आपण सही केली तरच तो हक्क तयार होतो. आम्ही ते कलम बदलून घेतलं. थकबाकीच्या रकमेइतकाच माल अडवता येईल आणि वादातल्या बिलासाठी अडवता येणार नाही. आगळाचा सगळा हंगाम एखाद्या चुकीच्या बिलापायी कुलुपात अडकला तर वाडीतल्या बायकांची मजुरी कशातून द्यायची?

दुसरा गोल तुटीच्या कलमाभोवती. वर्षात ठरावीक टक्के माल कमी भरला तर गोदाम भरपाई देणार नाही, असं बहुतेक करारांत असतं. ते शून्य होणार नाही, पण भरपाई कशावर मोजणार हे ठरवून घ्या, उत्पादनखर्चावर की विक्रीच्या किमतीवर. आणि विमा. गोदामाच्या इमारतीचा विमा आणि आपल्या मालाचा विमा या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मालाचा विमा आम्हीच काढला, त्यात आग आणि पूर दोन्ही.

कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरिअरकडून थेट आमच्या खात्यात यावेत, गोदामाच्या खात्यातून फिरून नकोत, हेही करारात घातलं. त्याला त्यांनी लगेच मान्यता दिली.

सही करण्याआधी थोडा माल ठेवून नातेवाईकांच्या नावाने ऑर्डरी टाकल्या. बेंगळुरूच्या नणंदेला आगळ, नागपूरच्या भाच्याला पिठं, डोंबिवलीच्या आत्याला पापड. आत्याला मुद्दाम सांगितलं होतं की पार्सल घेऊ नको, परत पाठव, मला त्यांची परतीची रीत तपासायची आहे. तिचा फोन आला, "अगो, तो पोरगो उनात्सून इलो, तेका परत कसो धाडूं?" तिने त्याला पाणी पाजलं, पार्सल ठेवून घेतलं आणि संध्याकाळी पापड तळलेही. मग मैत्रिणीच्या पत्त्यावर पुन्हा ऑर्डर टाकली, ती परत गेली आणि गोदामात पोचल्याच्या संध्याकाळी माझ्या संगणकावर तिचे फोटो आले. सील, तारीख, खोक्याचा दबलेला कोपरा, सगळं दिसत होतं.

सगळाच माल तिकडे नेला नाही. जो रोज जातो तेवढाच भिवंडीला. कुळथाचं पीठ, हंगामी आंबापोळी, कुणी खास सांगून मागवलेलं काही, ते अजून कुडाळच्या पडवीतूनच जातं. हळू खपणारा माल भाड्याच्या जागेत ठेवला की जागेचं भाडं नफा खातं. जावेला पॅकिंगची आवड आहे, तिच्या हातची चिठ्ठी खोक्यात असते, आणि जुनी गिऱ्हाइकं ती चिठ्ठी मिळाली नाही तर विचारतात. म्हणून त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे आता भिवंडीलाही जातात. गोदामाने त्याचे ऑर्डरमागे थोडे वेगळे पैसे लावले, आम्ही ते दिले.

बेंगळुरूला दुसरं गोदाम घ्यावं का, असं भाचा विचारतो. ५६० च्या ऑर्डरी वाढतायत हे खरं. पण कर्नाटकात माल ठेवायचा तर तिथला वेगळा जीएसटी नंबर घ्यावा लागेल, आणि आपलाच माल आपल्याच दुसऱ्या नंबरला पाठवताना कर लावून बीजक करावं लागेल. तो कर पुढे वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो आणि महिन्याची विवरणपत्रं दुप्पट होतात. आमचे हिशेब जाऊबाईच बघते आणि तिचं म्हणणं असं की, पुढच्या उन्हाळ्यातल्या आगळाच्या ऑर्डरी बघून मगच बोलू. मला ते मान्य आहे. तोवर बेंगळुरूची खोकी भिवंडीहूनच जातील.